डोळ्यावर काहीतरी वाढलंय? साधी वाढ कोणती, संशयाची कोणती आणि पुढे काय करायचं

मागच्या मे महिन्यात चेंदणी कोळीवाड्यातल्या एक मावशी आमच्या दवाखान्यात आल्या. सुनेने मोबाइलवर त्यांच्या डोळ्याचा फोटो काढला होता आणि दोन बोटांनी ताणून एवढा मोठा केला होता, की स्क्रीनवर नुसता लालसर मांसाचा तुकडा दिसत होता. मावशींच्या तीन रात्री झोपेविना गेल्या होत्या. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "बाय, कॅन्सर तं नाय ना गो?" नव्हता. जन्मभर उन्हात मासळी सुकवणाऱ्या, उघड्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या माणसांच्या डोळ्यात वाढतं तेच मांस होतं.

त्याच आठवड्यात कोपरखैरण्याचे एक निवृत्त काका चष्म्याचा नंबर तपासायला आले. वरच्या पापणीवर वाटाण्याएवढी गाठ होती. मी विचारलं, तर म्हणाले, "ती सोडा हो, रांजणवाडी आहे. दोनदा काढून झाली, परत येते." दोन्ही वेळा काढलेली गाठ तपासायला कुठेच गेली नव्हती. तिसऱ्या वेळी आमच्या डॉक्टरांनी पाठवली, आणि रिपोर्टमध्ये पापणीतल्या तेलग्रंथीचा कॅन्सर निघाला.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ठाण्यात आणि आठवड्यातले दोन दिवस वाशीला, डॉक्टरांच्या आधी पेशंटचा डोळा माझ्यासमोर येतो. निदान डॉक्टर करतात, पण घाबरलेल्या माणसाशी पहिलं बोलणं माझंच होतं. त्या बोलण्यात रोज जे सांगते, ते इथे एका जागी लिहिते आहे. डोळ्यावर दिसणाऱ्या बहुतेक वाढी साध्या असतात, हे अगदी खरं आहे. पण ती साधी आहे हे आरशात बघून ठरवता येत नाही. ते स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दुर्बिणीखाली, आणि गरज पडली तर पॅथॉलॉजीच्या काचेवरच ठरतं.

पायरी 1 : आधी खिडकीपाशी या

बाथरूमच्या दिव्याखाली डोळा बघू नका. पिवळा उजेड आणि भुवईची सावली यांत तांबूस, तपकिरी, पिवळा हे सगळं एकसारखंच दिसतं. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला खिडकीकडे तोंड करून बसा. फोटो घरातल्या दुसऱ्या माणसाला काढू द्या, तोही मागच्या कॅमेऱ्याने. फोन वीतभर लांब धरायचा, झूम करायचं नाही, स्क्रीनवर डोळ्यावर बोट टेकवून फोकस घ्यायचा. समोर, उजवीकडे, डावीकडे, वर आणि खाली बघताना असे पाच फोटो. खाली बघताना वरची पापणी अलगद उचलून धरायची, कारण तिच्याखाली दडलेलं बरंच काही एरवी दिसत नाही. दोन्ही डोळ्यांचे फोटो काढा. एकाच डोळ्यात आहे की दोन्हीकडे सारखं, हा प्रश्न डॉक्टर हमखास विचारतात.

मापासाठी शाळेची छोटी फुटपट्टी डोळ्याखाली गालावर धरून एक फोटो घ्या. पट्टी नसेल तरी चालेल. मोठ्या माणसाच्या बुबुळाची रुंदी साधारण 11 ते 12 मिलिमीटर असते, त्यावरून अंदाज बांधता येतो.

मग जुने फोटो काढा. लग्नाचे, सहलीचे, जवळून काढलेले. आधार कार्डावरचा फोटो या कामाला निरुपयोगी आहे, पण मुलीच्या हळदीत काढलेल्या एखाद्या मोठ्या फोटोत तो तपकिरी ठिपका आठ वर्षांपूर्वीही तिथेच, तेवढाच होता असं दिसलं तर तपासणाऱ्याचं निम्मं काम होतं. बदल किती झाला हे डोळ्यांच्या वाढींमध्ये रंगापेक्षाही महत्त्वाचं असतं.

पायरी 2 : वाढ नेमकी कशावर आहे ते बघा

माणसं सरसकट "डोळ्यात गाठ" म्हणतात. पण पांढऱ्या भागावरची वाढ, पापणीवरची गाठ आणि डोळ्याच्या आतला डाग ही तीन वेगळी दुखणी आहेत. तिन्हींचे नियम वेगळे.

*पांढऱ्या भागावर*

सगळ्यात जास्त दिसतं ते डोळ्यातलं मांस, डॉक्टरांच्या भाषेत टेरिजियम. नाकाच्या बाजूने एक त्रिकोणी, तांबूस पडदा निघतो आणि त्याचं टोक बुबुळावर चढायला लागतं. माशाच्या पंखासारखा आकार, आत बारीक सरळ शिरा. ऊन, वारा आणि धूळ ही याची कारणं. खाडीवर जाणारे, मिठागरात काम केलेले, ट्रॅफिक पोलीस, बांधकामावरचे गवंडी, एपीएमसीत दिवसभर ट्रकपाशी राबणारे माथाडी यांच्यात मी हे सतत बघते.

बहुतेकदा नाकाच्याच बाजूला का, असं मावशींनी विचारलं होतं. बाहेरच्या बाजूने डोळ्यावर तिरकं पडणारं ऊन बुबुळावरच्या गोल काचेतून वाकतं आणि पलीकडच्या, म्हणजे नाकाकडच्या कडेवर एकवटतं. भिंगाने कागदावर ऊन एका ठिकाणी आणतो तसं. नाकाच्या बाजूने येणारं ऊन मात्र नाकच अडवतं. म्हणून नुसती टोपी पुरत नाही, बाजूने झाकणारा, अतिनील किरण अडवणारा चष्मा लागतो.

या मांसाचाच धाकटा भाऊ म्हणजे पिंग्वेक्युला. पिवळसर, चरबीसारखा छोटा उंचवटा, बुबुळाच्या शेजारी, पण बुबुळावर न चढणारा. वय वाढेल तसा बऱ्याच जणांना होतो. कधी लाल होतो, खुपतो, थेंबांनी शांत होतो. याला कापायची गरज क्वचितच पडते.

मग संशय कधी घ्यायचा? बुबुळाच्या कडेवर जेलीसारखी, थुलथुलीत किंवा मोत्यासारखी पांढरट वाढ असेल, तिचा पृष्ठभाग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खडबडीत असेल, आणि दोन-तीन जाड, वाकड्यातिकड्या रक्तवाहिन्या थेट तिच्याकडेच आलेल्या दिसत असतील, तर ते नुसतं मांस नसू शकतं. पृष्ठभागावरच्या पेशींचा कॅन्सर किंवा त्याची आधीची अवस्था असते, तिला डॉक्टर ओएसएसएन म्हणतात. ती दिसायला टेरिजियमसारखीच असू शकते, आणि कधी कधी त्याच्या पोटातच लपलेली असते. म्हणून टेरिजियम काढलं तरी तो तुकडा तपासायला पाठवावा, हा माझा हट्ट आहे. तरुण माणसात अशी वाढ दिसली तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सांगतात. राग मानू नका. प्रतिकारशक्ती कमी झाली की ही वाढ लवकर होते आणि जोरात वाढते, म्हणून ते विचारतात. तुमच्या चारित्र्याशी त्याचा काही संबंध नाही.

फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी प्रत्येक वाढ मात्र वाईट नसते. लहान मुलांत आणि तरुणांत गुलाबी, तुतीच्या फळासारखी मऊ वाढ येते, ती पॅपिलोमा. एक प्रकारची चामखीळच, एचपीव्ही विषाणूने होणारी.

आता तपकिरी डाग. सगळ्यात जास्त रडारड याच्यावरून होते, आणि आपल्याकडे बहुतेकदा विनाकारण. सावळ्या माणसांच्या डोळ्यात बुबुळाच्या भोवती तपकिरी धुरकट झाक असते. दोन्ही डोळ्यांत, सपाट, कडा पुसट. हा त्वचेचाच रंग आहे, आजार नव्हे. बुबुळापासून तीन-चार मिलिमीटरवर एखादा करडा टिंबासारखा ठिपका असतो, तिथून मज्जातंतू आणि रक्तवाहिनी पांढऱ्या भिंतीतून आरपार जाते. तोही जन्माचा सोबती.

डोळ्यातला तीळ मात्र नीट बघावा लागतो. ऐरोलीच्या एका शाळकरी मुलाच्या आईने त्याला आणलं होतं. बुबुळाशेजारी तपकिरी तीळ. वर्षभरात गडद झाला, म्हणून ती हादरली होती. स्लिट लॅम्पखाली त्या तिळाच्या आत साबुदाण्याच्या दाण्यांसारखे स्वच्छ, पारदर्शक फुगे दिसत होते, सात-आठ तरी. हे फुगे म्हणजे साध्या तिळाची मोठी खूण. पांढऱ्या भागावरचा पातळ, पारदर्शक पापुद्रा कापसाच्या काडीने हलकेच सरकवला की तीळही सोबत सरकला, म्हणजे तो खालच्या भिंतीत रुतलेला नव्हता. वयात येताना आणि गरोदरपणात असे तीळ गडद होतात. मी त्या माउलीला मॉनिटरवर ते फुगे दाखवले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी फोटो काढून ठेवला आणि सहा महिन्यांनी बोलावलं.

अशा तिळाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. पण चाळिशीनंतर, एकाच डोळ्यात नव्याने आलेला आणि पसरत जाणारा रंग हे वेगळं प्रकरण आहे. तसंच पापणीच्या आतल्या बाजूला असलेला डाग. ती जागा साध्या तिळाची नेहमीची नव्हे. तिथे वाट बघू नका.

पांढऱ्या भागावर निळसर-राखाडी छटा असेल, पापुद्रा हलवला तरी ती हलत नसेल, आणि त्याच बाजूच्या कपाळ-गालावर निळसर लासं असेल, तर त्याला ओटाचा नीव्हस म्हणतात. हा जन्मतः किंवा लहान वयात येतो आणि कॅन्सर नाही. पण अशा डोळ्यात काचबिंदू होऊ शकतो आणि क्वचित आत मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी आणि डोळ्याचा दाब मोजणं, हे जन्मभर.

बाकीचं थोडक्यात सांगते. पाण्याच्या थेंबासारखा पारदर्शक फुगा बहुतेक वेळा साधी सिस्ट असते. वयस्कर, अंगाने स्थूल माणसाच्या डोळ्याच्या बाहेरच्या वरच्या कोपऱ्यात पिवळा मऊ गोळा दिसतो आणि हलकं दाबलं की मागे जातो, ती खोबणीतली चरबी पुढे आलेली असते. पण सामन माशाच्या मांसासारखा फिकट नारिंगी, गुळगुळीत पट्टा असेल तर तो तपासावाच, कारण लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) तसा दिसतो आणि तसाच दिसणारा साधा प्रकारही असतो. नजरेने दोन्हींत फरक करता येत नाही. आपल्या भागात आणखी एक लक्षात ठेवण्याजोगं कारण म्हणजे पापुद्र्याखाली आलेला लाल, दुखरा गोळा. त्यात कधी फीतकृमीच्या अळीची पिशवी निघते. या कृमीची अंडी नीट न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, घाण पाण्यातून पोटात जातात, त्यामुळे "आम्ही माळकरी, मांस खात नाही" म्हणून ती टळत नाही. सोनोग्राफीत पिशवी आणि आतला ठिपका दिसतो.

*पापणीवर*

रांजणवाडी दुखते. केसाच्या मुळाशी लाल, गरम, पूवाळलेली. दोन-चार दिवसांत फुटते किंवा बसते. तिच्यानंतर किंवा तिच्याशिवायही पापणीच्या आत एक न दुखणारी, टणक गाठ राहते, ती कॅलेझियन. पापणीत तेल करणाऱ्या ग्रंथी असतात, वरच्या पापणीत 25 ते 40. त्यांतल्या एखादीचं तोंड बुजलं की तेल आत साचतं आणि गाठ होते. स्वच्छ रुमाल, सोसवेल इतका गरम, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि नंतर पापणीला केसांच्या दिशेने हलकी मालीश. हे काही आठवडे नेटाने केलं तर बऱ्याच गाठी विरतात. दोन दिवस करून सोडून दिलं आणि "शेकाचा उपयोग नाही" म्हटलं, असं करू नका.

आणि इथेच ते काका येतात. त्याच तेलग्रंथींचा कॅन्सर अगदी कॅलेझियनचं सोंग घेतो. गोऱ्या लोकांच्या देशांत तो दुर्मीळ आहे, तिथे पापणीच्या कॅन्सरमध्ये वेगळाच प्रकार जास्त दिसतो. भारतात मात्र पापणीच्या कॅन्सरांत या प्रकाराचा वाटा मोठा आहे. त्यामुळे परदेशातल्या डॉक्टरांचे व्हिडिओ बघून "हे फार क्वचित होतं" अशी समजूत करून घेऊ नका.

काकांच्या पापणीवर मी काय बघितलं ते सांगते. गाठ पिवळसर होती. तिच्यावरचे पापणीचे केस गळाले होते, मधे पाच-सहा मिलिमीटरची फट, बाकी केस शाबूत. साधं कॅलेझियन केस खात नाही. पापणीची कड जाड आणि सुरकुतलेली होती. डोळा वर्षभर लालसर राहायचा, थेंब घातले की तात्पुरता बरा. वय पासष्ट. गाठ त्याच जागी तिसऱ्यांदा. यांतली एक गोष्ट दिसली तरी पन्नाशीच्या पुढच्या माणसाने गाठ नुसती काढून घेऊ नये, तपासायला पाठवायला सांगावं. काकांचा आजार पापणीपुरताच होता. शस्त्रक्रिया झाली, पापणी पुन्हा बांधली, डोळा वाचला. पण पहिल्या वेळी तो तुकडा तपासला असता तर पापणीचा एवढा मोठा भाग काढावा लागला नसता, याची मला आजही हळहळ वाटते.

पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यात पिवळे, मऊ, चपटे चट्टे येतात. ते कॅन्सर नाहीत, पण अशा जवळजवळ निम्म्या लोकांत रक्तातली चरबी वाढलेली सापडते, म्हणून लिपिड प्रोफाइल करून घ्या. लोंबती चामखीळ, म्हातारपणी येणारे काळपट खडबडीत डाग, घामाच्या ग्रंथीची पाण्याने भरलेली पुटकुळी, मुलांमध्ये मधे खळगी असलेले मोत्यासारखे पुरळ, सगळं साधं. मात्र खालच्या पापणीवर चकचकीत कडेची, मधे खड्डा पडलेली, खपली धरणारी आणि पुन्हा पुन्हा रक्त येणारी पुळी असेल तर ती बेसल सेल कॅन्सरची असू शकते. आपल्या रंगाच्या माणसांत ती बऱ्याचदा काळी असते, आणि घरचे तिला "तीळ" म्हणून वर्षानुवर्षं सोडून देतात.

*डोळ्याच्या आत*

हे डाग तुम्हाला दिसत नाहीत. मधुमेहाची वार्षिक तपासणी करताना डॉक्टर म्हणतात, "मागे एक डाग आहे, लक्ष ठेवू," आणि माणूस घरी येऊन गुगल उघडतो. मागच्या पडद्याखालचा तीळ म्हणजे कोरॉइडचा नीव्हस. गोऱ्या लोकांच्या मोजदादीत अशा आठ-नऊ हजार तिळांमागे वर्षाला एखादा मेलानोमाकडे वळतो, आणि तो कॅन्सरही आपल्याकडे त्यांच्यापेक्षा फार कमी आढळतो. डॉक्टर काय बघतात? जाडी 2 मिलिमीटरपेक्षा जास्त आहे का, खाली पाणी साचलंय का, नारिंगी रंगाचे कण आहेत का, डोळ्याच्या नसेच्या जवळ आहे का, आणि तुम्हाला धूसर दिसतं किंवा चमक दिसते का. हे काहीच नसेल तर फोटो आणि ठरल्या तारखेला पुन्हा तपासणी. दुसरा डाग गडद काळा, सपाट, कडा आखल्यासारख्या आणि आत फिकट खिडक्या असलेला. तो जन्मजात असतो आणि निरुपद्रवी. असे डाग दोन्ही डोळ्यांत अनेक असतील आणि घरात आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर डॉक्टरांना तेवढं जरूर सांगा.

पायरी 3 : किती घाई करायची

मूल पाच वर्षांच्या आतलं आहे आणि फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत लाल चमकेऐवजी पांढरी चमक दिसते, किंवा डोळा अचानक तिरळा झालाय, तर उद्याच दाखवा. मोतीबिंदू असू शकतो, कोट्सचा आजार (पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचा बिघाड) असू शकतो, जन्मजात राहिलेल्या पेशींचा पडदा असू शकतो, कधी कॅमेऱ्याच्या कोनामुळेही तसं दिसतं. पण रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्याचा कॅन्सर तसाच दिसतो, आणि तो वेळेवर सापडला तर मूल वाचतं, बऱ्याचदा नजरही वाचते. बारशाचे, वाढदिवसाचे फोटो पुन्हा एकदा डोळे उघडे ठेवून बघा. मोठ्या मुलाला हा आजार झाला असेल तर धाकट्याचे डोळे जन्मल्याबरोबर तपासायला हवेत.

आठवड्याच्या आत दाखवायची ती लक्षणं अशी: वाढ महिन्या-दोन महिन्यांत डोळ्यादेखत वाढतेय, न दुखवता रक्त येतंय, पापणीचे केस जातायत, एकच डोळा थेंबांना दाद न देता लाल राहतोय, नजरेसमोर सावली येतेय किंवा सरळ रेघ वाकडी दिसतेय, डोळा पुढे आलाय. यांपैकी काहीच नसेल, वाढ जुनी आणि तेवढीच असेल, तर महिनाभरात सवडीने जा. पण जा.

पायरी 4 : कुठे जायचं

पहिली तपासणी जवळच्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञांकडे होते. चष्म्याच्या दुकानात मशीनवर नंबर काढला म्हणजे डोळा तपासला असं होत नाही, हे मी त्याच पेशातली असून सांगते. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जायचं असेल तर ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबईकरांना वाशीचं महापालिका रुग्णालय जवळ पडतं. ओपीडी सकाळची असते, केसपेपरच्या रांगेसाठी लवकर निघा.

संशय पक्का झाला तर डोळ्यांच्या गाठींचं खास शिक्षण घेतलेले डॉक्टर हवेत. "ऑक्युलर ऑन्कॉलॉजी" किंवा पापण्यांसाठी "ऑक्युलोप्लास्टी" हे शब्द विचारा. भायखळ्याचं जे. जे. आणि परळचं टाटा मेमोरियल ही नावं बहुतेकांना ठाऊक आहेत. टाटाला जायचं तर ठाण्याहून धिम्या लोकलने परळ, वाशीहून हार्बरने शिवडी. खर्चाची चिंता असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेत बसणाऱ्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि तुमची शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत येते का ते आधीच विचारा. शस्त्रक्रिया झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

पायरी 5 : तपासणीच्या दिवशी

सोबत माणूस न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की तीन-चार तास, कधी त्याहून जास्त, जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सोसवत नाही. त्या अवस्थेत घोडबंदर रोडवर स्कूटर चालवत जाणारे लोक मी बघितलेत, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा आलाय. गॉगल बरोबर ठेवा. जुने फोटो, जुन्या चिठ्ठ्या, चालू औषधं आणि आधी काही काढलं असेल तर त्याची तारीख घ्या.

डॉक्टर स्लिट लॅम्पवर बघतील, पापणी उलटून बघतील. उलटली नाही तर स्वतःहून आठवण करा. बुबुळाच्या कडेवरच्या वाढीसाठी पुढच्या भागाचा ओसीटी, म्हणजे आतले थर दाखवणारा प्रकाशाचा स्कॅन, काढतात. त्यात साध्या मांसावरचा वरचा थर पातळ दिसतो, तर संशयाच्या वाढीत तोच थर जाड, पांढरा शुभ्र आणि एकदम सुरू झालेला दिसतो. आतल्या डागासाठी पडद्याचा फोटो, ओसीटी आणि सोनोग्राफी.

निघताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. वाढीचं नाव काय, माप किती, आणि पुन्हा कधी दाखवायचं. "काही नाही, जा" एवढंच ऐकून उठू नका. डॉक्टर घाईत असतात, पण नाव विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

पायरी 6 : काढायचं ठरलं तर

टेरिजियम बुबुळावर दोन-तीन मिलिमीटर चढलं, नंबर वाकडा करू लागलं, सतत लाल राहिलं, तर काढतात. नुसतं कापून जागा उघडी सोडली तर ते पुष्कळांना परत येतं, आणि परत आलेलं आधीपेक्षा चिवट असतं. त्याच डोळ्याच्या वरच्या भागातला पापुद्रा काढून तिथे लावण्याची पद्धत 1985 पासून रुळली, तिने हे परत येणं खूप कमी झालं. "ग्राफ्ट लावणार का?" हा प्रश्न आधीच विचारा.

ओएसएसएनचा संशय असेल तर भोवतालचा निरोगी दिसणारा 4 मिलिमीटरचा भाग घेऊन, वाढीला चिमटा न लावता ती काढतात आणि कडा गोठवतात. काहींना कापण्याऐवजी इंटरफेरॉन, मायटोमायसिन किंवा 5-एफयूचे थेंब देतात. डोळ्याच्या आतल्या गाठीचा तुकडा मात्र सहसा काढत नाहीत. रेटिनोब्लास्टोमात तर सुई टोचणंही धोक्याचं, कारण आजार डोळ्याबाहेर पसरतो. त्यामुळे "बायॉप्सी न करता कॅन्सर कसा ठरवला?" म्हणून तिथे भांडू नका.

आता माझ्या हट्टाची गोष्ट. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत जायला हवा. नुसत्या सलाइनमध्ये तो खराब होतो. बाटलीवर तुमचं नाव, तारीख, उजवा की डावा डोळा, वरची की खालची पापणी हे लिहिलेलं नातेवाइकाने डोळ्याने बघावं. लॅबच्या फॉर्मवर "कॅलेझियन" एवढंच न लिहिता "पुन्हा आलेली गाठ, केस गळालेले" हे लिहायला विनंती करा, कारण काचेकडे बघणाऱ्याला पेशंट दिसत नसतो. लॅबचा खर्च वाचवायला बाटली रद्द करणारी माणसं मी बघितली आहेत. दुसरं काय हवं ते वाचवा, हे नको.

रिपोर्ट आला की "कडा मोकळ्या आहेत का" हे विचारा. डिस्प्लेशिया म्हणजे पेशींची घडी बिघडलेली, पण तो अजून पसरणारा कॅन्सर नव्हे. इन सिटू म्हणजे तळाचा पडदा ओलांडलेला नाही. रिपोर्टचा कागद तर जपाच, पण लॅबमधला, तुमचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि काचा परत मागून घ्या. दुसरं मत घ्यायला मोठ्या रुग्णालयात गेलात तर तिथे तेच मागतात.

पायरी 7 : मधल्या काळात हे करू नका

मेडिकलमधून "लाली जाणारे थेंब" आणून घालू नका. त्यांत कधी कधी स्टेरॉइड असतं. लाली उतरते, खरं दुखणं झाकलं जातं, आणि महिनोन्‌महिने घातलं तर काचबिंदू होऊ शकतो. पापणीच्या चामखिळीला चुना-सोडा लावू नका, घोड्याचा केस आवळू नका. डोळ्यात मध, एरंडेल, कांद्याचा रस, आईचं दूध काही घालू नका. ही सगळी माया करणाऱ्या माणसांनी सांगितलेली औषधं असतात, म्हणून नाही म्हणणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. आजीला सांगा, डॉक्टरांनी मनाई केलीय.

चेंदणीच्या मावशींचं मांस बुबुळावर जेमतेम दीड मिलिमीटर होतं. वंगणाचे थेंब, बाजूने झाकणारा गॉगल आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, एवढंच ठरलं. गॉगल लावून बाजारात बसायला त्यांना लाज वाटत होती. मागच्या आठवड्यात आल्या तेव्हा माप तेवढंच होतं, आणि शेजारी बसणाऱ्या दोघींनाही त्या सोबत घेऊन आल्या होत्या. त्यातल्या एकीच्या बुबुळाच्या कडेवर जेलीसारखा पांढरट उंचवटा आहे. तिचा ओसीटी उद्या सकाळी आहे.